व्रतकालीन आहार आणि शरीराची स्थूलता

एकादशी, संकष्टी, सोमवार आणि चातुर्मासातील नेम हुबळी-धारवाड परिसरातील मराठी कुटुंबांत आजही निष्ठेने पाळले जातात. त्याच घरांतून वाढते वजन व मधुमेह यांची चिंताही वरचेवर ऐकू येते. म्हणून परंपरागत आहारपद्धती व आरोग्य यांविषयीची माहिती भाविक व सभासद यांच्यासाठी येथे देत आहोत.

भारतीय शरीराची ठेवण

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे होते. परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. यास्तव भारतीयांनी केवळ वजनावर विसंबू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास सावध व्हावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे.

व्रताचे मूळ स्वरूप

धर्मशास्त्रात उपवासाखेरीज एकभुक्त (मध्यान्ही एकदाच भोजन), नक्त (रात्री एकदाच भोजन) आणि अयाचित (न मागता मिळेल तेच) असे प्रकार सांगितले आहेत. या सर्वांचे मर्म मिताहार हेच होय. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मात्र आजच्या फराळास लागू पडते. साबुदाणा, बटाटा व शेंगदाणा हे फराळातील मुख्य पदार्थ. परंतु साबुदाण्याचा कसावा कंद, बटाटा व भुईमूग ही तिन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेतील असून युरोपीय लोकांच्या आगमनानंतर आपल्याकडे आली. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात, प्रथिने मात्र नाममात्र. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने रक्तातील साखर त्वरेने वाढवितो. वड्याच्या रूपाने त्यात तळणाचे तेलही मिळते. त्याऐवजी ताक, दूध, फळे, राजगिरा वा अल्प प्रमाणात भगर घेणे उचित.

नित्याचे भोजन

व्रत नसलेल्या दिवशी ज्वारीची भाकरी, म्हणजे येथील जोळद रोट्टी, मोड आलेली कडधान्ये व पालेभाजी हा आपल्या भागाचा जुना आहार होय. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. तंतूंमुळे साखर सावकाश शोषली जाते व पोट अधिक वेळ भरलेले राहते.

जेवणाच्या वेळेपेक्षा एकूण मात्रा महत्त्वाची, असे नवे संशोधनही सुचविते. चीनमधील १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही गटांना मोजका आहार दिला होता. त्यांपैकी सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळेत जेवणारे व वेळेचे बंधन नसलेले यांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक आढळला नाही. दिवसभर उपाशी राहून रात्री वा पारण्याला भरपेट मिष्टान्न घेतल्यास व्रताचा शारीरिक लाभ उरत नाही, तो यामुळेच.

महत्त्वाची सूचना

इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी घटून शुद्ध हरपण्याचा, प्रसंगी प्राणावर बेतण्याचा धोका असतो. दुसरीकडे, व्रत मोडेल या भीतीने औषधच बंद करणेही घातक होय. जल, मूळ, फळ, दूध यांप्रमाणेच औषधानेही व्रतभंग होत नाही, असे शास्त्रवचन आहे. वृद्ध व बालक यांनाही एकादशीच्या नियमातून सूट आहे. अशा भाविकांनी व्रतापूर्वी आपल्या वैद्यांचा सल्ला घ्यावा. घाम, थरथर वा भोवळ जाणवताच विलंब न करता साखर किंवा गूळ घ्यावा. व्रत देहाच्या रक्षणासाठीही आहे, हे घरातील ज्येष्ठांना आवर्जून सांगावे, ही नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥