विमानातील उपकरणबंदीचा इतिहास
'मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा' ही सूचना तुम्हाला परिचित असेल. मात्र या निर्बंधाचे मूळ मोबाइलमध्ये नसून एफएम रेडिओत आहे. १०० मेगाहर्ट्झचे केंद्र लावले की रेडिओच्या आत सहसा ११०.७ मेगाहर्ट्झची लहर तयार होते, आणि वैमानिकाला दिशा दाखवणारी व्हीओआर यंत्रणा चालते १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमध्येच! म्हणून अमेरिकेने १९६१ मध्ये निर्बंध घातला. श्रवणयंत्र, पेसमेकर, अगदी दाढीचे यंत्रही त्यातून वगळले. रेडिओ मागे पडला, नियम मात्र राहिला. फ्लाइट मोडमधील उपकरणांना उड्डाण व अवतरणाच्या वेळी मुभा मिळाली ती अमेरिकेत २०१३ मध्ये, भारतात २०१४ मध्ये. हेडफोनचे कारण वेगळे आहे: विमान तातडीने रिकामे करायचे झाल्यास कर्मचाऱ्यांची हाक तुम्हाला ऐकू आली पाहिजे.