पाचगणीचा फारुख आणि कुवेतची बैठक



गणेशोत्सवाच्या तालमीला मधल्या सुट्टीत आपली मुले बाकांवर ‘वी विल रॉक यू’चा ठेका धरून बसली होती. ‘हा गायक आपल्या पाचगणीला शिकला,’ असे सांगितले, तर एकाचाही विश्वास बसेना. म्हणून हा लेख.

फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, १९४६ साली झांजिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मला. वडील तिथे सरकारी कचेरीत कॅशियर. त्यांनी लहानपणीच मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. पियानोचे शिक्षण तिथे झाले आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथलाच. १९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. १९९० चा ऑगस्ट इथे अनुभवलेल्या ज्येष्ठांना याहून जास्त सांगायला नको.

लंडनमध्ये ‘क्वीन’ बँड उभा राहिला. पहिला अल्बम ट्रायडेंट स्टुडिओ रिकामा असेल त्या वेळात, बरेचदा रात्री, ध्वनिमुद्रित झाला. दुसऱ्याला मात्र, ऑगस्ट १९७३ मध्ये, हक्काचा वेळ मिळाला. तबकडीच्या बाजूंना ‘अ’ आणि ‘ब’ न म्हणता त्यांनी ‘पांढरी’ आणि ‘काळी’ म्हटले. काळ्या बाजूची सहाही गाणी फारुखची. तिघांचेच आवाज पुन्हा पुन्हा एकमेकांवर मुद्रित करून त्यांनी मोठ्या गायकवृंदाचा भास निर्माण केला.

काम झाले, पण तबकडी बाजारात येईना. याच्या कारणांत आपले कुवेतही आहे! ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. १६ तारखेला कुवेत शहरात जमलेल्या आखाती देशांनी तेलाचा जाहीर भाव बॅरलला ३.०१ वरून ५.१२ डॉलरवर नेला. दुसऱ्याच दिवशी इथेच अरब तेलमंत्र्यांनी उत्पादन कपातीचा निर्णय घेतला. त्यात ब्रिटनच्या कोळसा कामगारांचे आंदोलन. जानेवारी १९७४ पासून तिथल्या बहुतेक कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली.

आम्हा रसायनवाल्यांना आणखी एक गोष्ट दिसते. तबकडी मुख्यतः पीव्हीसीची. त्यातला क्लोरीन मिठातून येतो आणि इथिलीन तेलातून. म्हणजे वीजही अडली आणि कच्चा मालही महागला.

अखेर ८ मार्च १९७४ रोजी ‘क्वीन टू’ प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. त्यातले ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे बँडचे पहिले गाजलेले गाणे, तेही फारुखचेच.

‘तुम्ही नेमके कुठले?’ हा प्रश्न आपल्या मुलांना शाळेत नेहमी विचारला जातो. झांजिबार, पाचगणी, लंडन: फारुखलाही एका शब्दात उत्तर देता आले नसते. त्यावाचून त्याचे गाणे अडले नाही, एवढे मुलांना जरूर सांगावे.

१९९० मध्ये अनेकांच्या तबकड्या घरासकट मागे राहिल्या. तरीही कोणाकडे ही तबकडी शिल्लक असेल, तर पुढच्या मासिक सभेला आणावी. काळी बाजू आधी लावू!