डेव्हिड बोवी (१९६७ ची ध्वनिमुद्रिका)

इंग्रज रॉक गायक-गीतकार डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) यांचा पहिला अल्बम. डेका कंपनीच्या 'डेराम' या शाखेने तो १ जून १९६७ रोजी काढला. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची अधिकृत तारीखही तीच. अल्बमच्या अपयशाचे खापर पुष्कळदा या योगायोगावर फोडले जाते, पण ते पटत नाही. त्या उन्हाळ्यात रॉकचा श्रोता जे शोधत होता ते या चौदा गाण्यांत नव्हतेच.

निर्माते माइक व्हर्नन ब्लूजमधले जाणकार. इथे मात्र गिटारपेक्षा ट्यूबा, ओबो अशी वाद्ये पुढे आहेत. गाण्याची ढब अँथनी न्यूली या नट-गायकाच्या वळणाची, जुन्या इंग्रजी म्युझिक हॉलची आठवण देणारी. पात्रेही तऱ्हेवाईक: पुरुषवेशात सैन्यात भरती होणारी बाई, लोकसंख्येवर जालीम उपाय सांगणारा स्वयंघोषित मसीहा. शेवटच्या 'प्लीज मिस्टर ग्रेव्हडिगर'मध्ये एकही वाद्य नाही. पाऊस, मेघगर्जना, घंटा आणि कबर खोदणाऱ्याला उद्देशून बोलणारा बालहत्येचा गुन्हेगार, एवढेच. पावलांच्या आवाजासाठी स्टुडिओत खडीची पेटी ठेवून बोवी तिच्यात चालले. हा प्रकार रेडिओ-नाटिकेच्या जवळचा. गुणगुणता येण्याजोगा अजिबात नाही.

अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत आला नाही. 'लव्ह यू टिल ट्यूझडे' नव्याने मुद्रित करून स्वतंत्र काढले, तेही पडले. पुढची गाणी डेकाने नाकारली आणि १९६८ मध्ये बोवी कंपनीबाहेर पडले.

तरी हा अल्बम वाया गेला म्हणणे चूक ठरेल. मूकनाट्य कलावंत लिंडसे केम्प यांना तो आवडला; बोवी त्यांच्याकडे शिकले आणि १९६७ च्या अखेरीस त्यांच्या प्रयोगात उतरले. पुढच्या काळातल्या रंगमंचीय रूपांची तालीम इथली. १९६९ मध्ये व्यवस्थापक केनेथ पिट यांनी प्रसिद्धीसाठी चित्रफीत करवली. तीत बहुतेक याच काळातली गाणी होती. काहीतरी ताजे हवे म्हणून बोवींनी तिच्यासाठी 'स्पेस ऑडिटी' लिहिले. त्याच वर्षी हे गाणे ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले.

डेरामलाही उशिरा का होईना, पैसा मिळाला. अल्बमबाहेरचे 'द लाफिंग नोम' हे १९६७ चे बालिश गाणे कंपनीने १९७३ मध्ये, बोवी गाजत असताना, पुन्हा विकायला काढले आणि ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेले.