भट्टीनंतरचे दोष : मृत्पात्रांवरील केशभेगांच्या कारणमीमांसेचा इतिहास

मृत्पात्रांच्या इतिहासाकडे अभ्यासक बहुधा आकार, नक्षी आणि रंग या दृष्टींनी पाहतात. संग्रहालयांच्या कपाटांत जी भांडी येतात ती साधलेली भांडी असतात. बिघडलेली भांडी भट्टीलगतच्या खापरांच्या ढिगात जातात. वस्तुतः या कलेची प्रगती समजून घ्यावयाची तर साधलेल्या भांड्यांइतकाच बिघडलेल्या भांड्यांचाही विचार करणे अवश्य आहे. विशेषतः मंद आचेवर, म्हणजे स्थूलमानाने ९५० ते ११०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, भाजलेल्या सच्छिद्र भांड्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. ही भांडी भट्टीतून निर्दोष बाहेर पडतात आणि पुष्कळदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यांच्यात दोष प्रकट होतो. झिलईवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते, झिलईचे पापुद्रे सुटतात किंवा अंगाचा टवका उडून आत पांढरा ठिपका दिसू लागतो. दोष दिसतो आज. त्याचे कारण मात्र कालच्या आचेत, परवाच्या मिश्रणात किंवा मूळच्या मातीत दडलेले असते. हे कारण शोधण्याचा प्रयत्न निदान चार शतके चालला होता. त्या प्रयत्नाचे मुख्य टप्पे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

या दोषांचा प्रांजळ वृत्तांत लिहून ठेवणाऱ्या आद्य कारागिरांत फ्रान्समधील बेर्नार पालिसी याची गणना करावी लागेल. त्याचा जन्म १५१०च्या सुमाराचा. काचेवर चित्रे काढणे आणि जमिनीची मोजणी करणे हा त्याचा मूळचा व्यवसाय. सेंत या गावी राहत असता झिलई दिलेला एक सुंदर मातीचा पेला त्याच्या पाहण्यात आला आणि तशी पांढरी झिलई आपण साधावयाचीच असा त्याने निश्चय केला. त्या वेळी त्याला मातीची वा भट्टीची काहीच माहिती नव्हती. निरनिराळी द्रव्ये कुटून ती तो खापरांच्या तुकड्यांवर लावी आणि ते तुकडे दुसऱ्यांच्या भट्ट्यांत भाजून घेई. तीनशेहून अधिक तुकड्यांच्या एका खेपेत एकच तुकडा पांढरा व तुकतुकीत निघाला. पुढे स्वतःची भट्टी उभारल्यावर सहा दिवस व सहा रात्री जाळ घालूनही झिलई वितळेना. तेव्हा त्याने बागेचे कुंपण, घरातील मेजे आणि अखेर जमिनीच्या फळ्याही जाळल्या. ही कथा बहुश्रुत आहे. परंतु तिच्या पुढचा भाग अधिक उद्‌बोधक असूनही त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

झिलई वितळू लागल्यानंतर पालिसीपुढे दोषांची एक मालिकाच उभी राहिली. भट्टी बांधताना वापरलेल्या चुन्यात गारेचे खडे होते. आचेने ते फुटून उडाले आणि मऊ झालेल्या झिलईत रुतून बसले. भांडी दिसावयास चांगली होती, पण हात फिरविला तर कापत होती. स्वस्त दराने ती घेण्यास गिऱ्हाइके तयार होती. पालिसी कर्जात बुडालेला होता. तरीही अशी भांडी विकल्याने आपल्या नावास उणेपणा येईल म्हणून त्याने ती सारी खेप स्वहस्ते फोडून टाकली. दुसऱ्या वेळी ज्वाळेबरोबर उडालेली राख झिलईला चिकटली. त्यावर त्याने भांडी मातीच्या पेट्यांत झाकून भाजण्याचा उपाय काढला. पुढे असे आढळले की, एकाच भांड्यावरील निरनिराळ्या रंगांच्या झिलया एकाच आचेस वितळत नाहीत. एक रंग नीट पिकेपर्यंत दुसरा जळून जातो. हा दोष निवारण्यास सर्वांत अधिक काळ लागला. एकंदर श्रम सुमारे सोळा वर्षांचे.

हा सर्व वृत्तांत १५८० साली पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘दिस्कूर आदमिराब्ल’ या ग्रंथात आला आहे. ग्रंथाची रचना संवादरूप असून बोलणारी पात्रे दोन आहेत, उपपत्ती आणि प्रयोग. उपपत्ती पुस्तके वाचून प्रश्न विचारते आणि प्रयोग हाताने केलेल्या कामाच्या आधारे तिला उत्तर देतो. झिलईत कोणती द्रव्ये पडतात ते प्रयोग सांगतो, त्यांचे प्रमाण मात्र सांगत नाही. याउलट आपले चुकलेले प्रयत्न तो एकामागून एक उघड करतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी कारागिराचे धन म्हणजे त्याची कृती. ती त्याने झाकून ठेवली आणि दोष मात्र मोकळेपणाने वाटून टाकले. दोषाचे ज्ञान हेच शिकविण्याजोगे ज्ञान होय, हे त्याने ओळखले होते असे म्हणता येईल.

पालिसीची पद्धती एकेक दोष वेगळा काढून त्यावर उपाय शोधण्याची होती. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जे दोष भट्टी उघडताच दिसत त्यांचा माग तिने लागे. जे पुढे केव्हातरी प्रकट होत त्यांचा लागत नसे.

२

दोषाचे कारण काय, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातील कुंभारकामाच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात अशी रीत होती की, भांडे घडविणाऱ्यास मजुरी मिळावयाची ती भट्टीतून चांगल्या निघालेल्या नगांचीच. माती कालविणारा एक, घडविणारा दुसरा, भट्टी लावणारा तिसरा. परंतु भट्टीत बिघडलेल्या भांड्याचा भुर्दंड घडविणाऱ्यावर. आपल्या हातून चांगले उतरलेल्या प्रत्येक नगाचे दाम मिळावे, अशी कामगारांची मागणी होती आणि १८३६ सालच्या संपाच्या कारणांत ही तक्रार प्रमुख होती. हाताचा दोष कोणता, मातीचा कोणता आणि आचेचा कोणता हे निश्चित सांगण्याचे साधन जोपर्यंत नव्हते, तोपर्यंत दुर्बळाच्या माथी दोष मारणे सोपे होते.

३

असे साधन शोधण्याचे मोठे श्रेय हेर्मान झेगर (१८३९-१८९३) या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. १८७६ साली त्याने मृत्तिका-उद्योगास वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. १८७८पासून बर्लिनच्या राजकीय पोर्सेलिन कारखान्याशी संलग्न असलेल्या प्रयोगशाळेचा तो प्रमुख होता. विशिष्ट आचेस वाकणारे त्याचे शंकू १८८६ साली प्रचारात आले आणि भट्टीतील आच कारागिराच्या नजरेवर विसंबून न राहता पडताळता येऊ लागली.

केशभेगांविषयी झेगरची उपपत्ती थोडक्यात अशी आहे. भट्टी निवत असताना झिलई आणि तिच्याखालील मातीचे अंग ही दोन्ही आकसतात. झिलई अंगाहून अधिक आकसली तर ती ताणली जाते आणि तिला भेगा पडतात. अंग झिलईहून फारच अधिक आकसले तर झिलई दाबाखाली येऊन कडांवरून तिचे पापुद्रे उडतात. काच ताण फारसा सोसत नाही, दाब मात्र त्याच्या कित्येक पट सोसते. म्हणून अंग झिलईपेक्षा किंचित अधिक आकसावे, हेच इष्ट. यावरून त्याने उपायांची नियमावली दिली. भेगा पडत असल्यास अंगातील चिकण मातीचे प्रमाण कमी करून गारेचे वाढवावे. गार अधिक बारीक दळावी. पहिल्या भाजणीची आच वाढवावी. किंवा झिलईत सिलिका वा बोरॉनयुक्त द्रव्य वाढवावे. पापुद्रे उडत असल्यास याच्या उलट करावे.

या नियमावलीने दोन दोषांना एकाच अक्षावर आणले. पूर्वी भेगा आणि पापुद्रे हे स्वतंत्र रोग समजले जात. आता ती एकाच विषमतेची दोन टोके ठरली. तसेच दोष झिलईत दिसला तरी उपाय मातीत करता येतो, हेही सिद्ध झाले. जुन्या कारागिरांना हे अनुभवाने काही अंशी अवगत होते. कथिलाची पांढरी झिलई देणारे डेल्फ्टचे कुंभार आपल्या मातीत तूर्नेहून आणलेली चुनायुक्त माती मिसळीत. बारीक विखुरलेला चुना अंगाचे आकसणे झिलईशी जुळते करतो, त्यामुळे भेगा टळतात.

मात्र हाच चुना खड्यांच्या रूपाने राहिला तर विघातक ठरतो. आचेने खड्याचा कळीचा चुना होतो, भांडे बाहेर आल्यावर तो हवेतील पाणी शोषून सुमारे दुप्पट फुगतो आणि वरचा टवका उडवितो. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे असे खडे सर्वत्र आढळतात, त्यामुळे तेथे माती चाळण्याला आणि निवळण्याला किती महत्त्व आहे हे निराळे सांगावयास नको. एकच द्रव्य कणाच्या आकारानुसार औषध किंवा विष ठरते.

४

झेगरच्या उपपत्तीतही एक उणीव राहिली होती. तिच्या नियमांप्रमाणे तयार केलेली, भट्टीतून निर्दोष निघालेली आणि तापवून थंड पाण्यात बुडविण्याच्या कसोटीस उतरलेली भांडी व फरश्या कालांतराने भेगाळत. निवण्याची क्रिया तर केव्हाच संपलेली. मग नवा ताण आला कोठून? झिलईलाच काळाने थकवा येतो, असा तर्क केला जाई.

याचे उत्तर अमेरिकेतील एच. जी. शूरेक्ट यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मिळाले. त्यांनी मातीच्या अंगाचे नमुने दाबाखालील वाफेत ठेवून त्यांची लांबी मोजली, तेव्हा ते वाढल्याचे दिसून आले. सच्छिद्र अंग हवेतील पाणी केवळ शोषून घेत नाही, त्याच्याशी रासायनिक संयोगही पावते आणि हळूहळू फुगते. ही वाढ लांबीच्या हजारांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. परंतु झिलईवरील इष्ट दाब नाहीसा करून तिला ताणण्यास तेवढी पुरते. उच्च आचेवर भाजलेल्या पोर्सेलिनमध्ये छिद्रेच उरत नसल्याने हा दोष सहसा उद्भवत नाही. तो मंद आचेच्या भांड्यांचाच का, याचाही उलगडा अशा रीतीने झाला. तेव्हापासून वाफेच्या दाबपात्रातील परीक्षा ही मान्य कसोटी झाली आणि वर्षांनंतर प्रकट होणारा दोष काही तासांत ओळखता येऊ लागला.

५

या इतिहासाचा अलीकडचा टप्पा अनपेक्षित आहे. भाजलेल्या मातीची ही वाढ काळाच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात होते, असे मँचेस्टर येथील मोइरा विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले. पुढे २००९ साली त्यांनी या पाणीग्रहणावरून विटा व मृत्पात्रे यांचा काल ठरविण्याची पद्धती मांडली. कँटरबरी येथील एका मध्ययुगीन विटेचे वय या पद्धतीने सुमारे ६६ वर्षेच भरले. शोधाअंती ध्यानात आले की, दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाच्या आगीत ती वीट पुन्हा तापली होती. तिच्यातील पाणी निघून गेले आणि तिचे घड्याळ शून्यापासून पुन्हा चालू झाले. या पद्धतीच्या अचूकतेविषयी पुढे मतभेद झाले आहेत. तथापि कुंभाराला छळणारा दोषच इतिहासकाराचे साधन होऊ शकतो, ही कल्पना अर्थपूर्ण आहे.

दोषाचे स्थान आच, झिलई, मातीचे अंग आणि अखेर सभोवतीची हवा असे क्रमाक्रमाने सरकत गेले. प्रत्येक टप्प्यावर आधीची उपपत्ती खोटी ठरली नाही. तिची मर्यादा तेवढी कळली. आणि प्रत्येक टप्प्यावर ज्याच्या हातून भांडे घडले त्याच्या माथ्यावरील दोषाचा भार थोडा थोडा उतरत गेला. पालिसीच्या संवादात प्रयोगाने उपपत्तीला शिकविले. झेगर आणि शूरेक्ट यांच्या काळी उपपत्तीने ते ऋण फेडले असे म्हणावयास हरकत नाही. उत्खननात सापडलेले खापर पाहताना अभ्यासकाने नक्षीबरोबर त्यावरील भेगांचीही नोंद घ्यावी. त्या भेगांत माती, आच आणि काळ या तिघांचीही साक्ष असते.