ठेका आधी, उडी नंतर

परवा बेलापूरहून सीएसएमटी लोकल पकडली. शेजारी कॉलेजातला एक मुलगा मोबाईलवर 'जिऑमेट्री डॅश' खेळत होता आणि कानात चक्क वायरवाले इअरफोन! "ब्लूटूथ नाही का रे?" विचारलं, तर म्हणाला, "काका, ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो. मरतो मी." काका?! तिशी गाठायचीये अजून. असो. पण या सगळ्या खेळांचं मर्म त्याने एका वाक्यात सांगून टाकलं.

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे मारिओसारखा, खड्डे-अडथळ्यांवरून उड्या मारत पुढे जायचा खेळ. त्याला तालात बसवलं की उडी डोळ्यांनी नाही, कानांनी मारायची. शाळेतलं लेझीम आठवा. हलगी कोणासाठी थांबत नाही, पाय चुकला तर पुढच्या ठोक्याला मिसळायचं.

या प्रकाराचा एक आद्य नमुना म्हणजे 1999 साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेला 'विब-रिबन'. बनवणारे मासाया मात्सुउरा मूळचे संगीतकार. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा आणि त्यावर चालणारा एक ससा, बस्स. गंमत अशी की अख्खा गेम मेमरीत मावायचा. मग त्याची डिस्क काढून घरातली कुठलीही गाण्यांची सीडी टाका, त्या गाण्यातून अडथळे तयार! 2012 साली न्यूयॉर्कच्या 'मोमा' या कलासंग्रहालयाने हा गेम आपल्या संग्रहात घेतला.

पुढे हा प्रकार छोट्या, स्वतंत्र मंडळींनी उचलून धरला. 2010 मध्ये अमेरिकेतल्या गायजिन गेम्सने 'बिट.ट्रिप रनर' आणला. त्यात नायक स्वतःच पळतो, आपण फक्त उडी, घसरणं, लाथ सांभाळायची. धडकलात की थेट लेव्हलच्या सुरुवातीला.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 2013 चा '140'. येप्पे कार्लसन हा डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीत नोकरीला होता, गाजलेल्या 'लिम्बो'च्या टीममधला. नोकरी सांभाळून फावल्या वेळात त्याने हा गेम केला. संगीत याकोब श्मिडचं. रिलीजच्या आधीच त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये ध्वनीसाठीचं पारितोषिक मिळालं. नावातले 140 म्हणजे मिनिटाला 140 ठोके.

आता जरा इंजिनिअरगिरी करू. 140 ठोके म्हणजे एक ठोका 428.57 मिलिसेकंदांचा. पडदा सेकंदाला 60 वेळा रंगतो, म्हणजे एका ठोक्यात 25.7 फ्रेम. वीकेंडला केलेल्या माझ्या पहिल्या प्रोटोटाइपमध्ये मी हुशारी करून दर 26 फ्रेमला एक अडथळा ठेवला. चूक किती? ठोक्यामागे जेमतेम 5 मिलिसेकंद. पण तीन मिनिटांच्या गाण्यात 420 ठोके, म्हणजे शेवटी पूर्ण 2 सेकंदांचा फरक! गाणं समेवर आणि ठोकळा साडेचार मात्रा मागे. सुरुवातीला झकास वाटणारा गेम शेवटी अक्षरशः खोटं बोलत होता.

उपाय म्हणजे घड्याळ बदलायचं. फ्रेम मोजायच्याच नाहीत. आतापर्यंत आवाजाचे किती नमुने वाजले ते विचारायचं आणि त्यावरून ठोकळ्याची जागा ठरवायची. सीडीच्या हिशोबाने सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे 140 च्या लयीत एका ठोक्याला बरोबर 18,900. बाकी शून्य! गाणं मालक, चित्र चाकर. एखादी फ्रेम गळली तरी पुढची तालावरच येते. मग उरतो इअरफोनचा उशीर. तो खेळणाऱ्याकडून दोन-चार टिचक्या मारून घेऊन मोजायचा आणि वजा करायचा.

पुन्हा लोकलमधल्या गेमकडे येतो. 'जिऑमेट्री डॅश' स्वीडनच्या रॉबर्ट तोपालाने 2013 च्या ऑगस्टमध्ये आणला. एक ठोकळा, एक बोट. त्यात लेव्हल बनवायची सोय दिल्यामुळे खेळणारेच घडवणारे झाले. जानेवारी 2017 च्या 2.1 नंतर 2.2 आवृत्ती यायला थेट डिसेंबर 2023 उजाडला. जवळपास सात वर्षं! लोकांनी चेष्टा केली, शिव्या घातल्या, पण थांबले. आपल्याकडे एक स्प्रिंट घसरला तर क्लायंट कॉलवर येतो. :)

का थांबले असतील? मला वाटतं, विश्वासामुळे. शंभरदा मरूनही माणूस पुन्हा खेळतो, कारण त्याला पक्कं ठाऊक असतं की चूक माझी आहे, गेमची नाही. हा विश्वास ग्राफिक्समधून येत नाही, त्या 5 मिलिसेकंदांतून येतो.

वरच्या या खेळांचा ठेका बहुतांशी चाराचा. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक आहे, दहाचा झपताल आहे. रूपकाच्या समेवर खड्डा ठेवला तर काय मजा येईल! माझा प्रोटोटाइप आता तिथे आलाय. दर सात मात्रांनी मीच पडतोय. पण निदान चूक माझी आहे..