जिथे ब्रश पोहोचत नाही: विजेने बसणाऱ्या रंगाची गोष्ट

आजची गोष्ट आपल्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीपासून सुरू करू. इथे महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. पुढे असाच एखादा ट्रॅक्टर भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत, चिखलात उतरतो. वरून रंग चकाचक असतो हो, पण पाणी साचतं ते पत्र्याच्या घडीत आणि आतल्या कोपऱ्यात. गंज तिथूनच सुरू होतो. मग जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथे रंग पोहोचवायचा कसा?

हाच प्रश्न अमेरिकेत फोर्ड कंपनीला पडला होता. तेव्हा गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवायचे. पण भट्टीत तापवलं की आत अडकलेल्या थिनरची वाफ व्हायची आणि तीच आतला ओला रंग धुऊन काढायची. वर आगीची भीती वेगळीच!

1957 च्या सुमारास फोर्डमधल्या जॉर्ज ब्रुअर यांनी वेगळी वाट धरली. हौदात बहुतेक पाणीच, त्यात रंगाचे विद्युतभार असलेले कण. वस्तूला वीज जोडली की कण आपणहून तिच्याकडे ओढले जातात. आणि खरी गंमत पुढे आहे बरं का. जिथे थर बसला तिथे वीज अडते, म्हणून कण उरलेल्या उघड्या जागेकडे वळतात. असं करत रंग आतल्या कोपऱ्यांतही पोहोचतो. 1960 च्या दशकात फोर्डच्या गाड्यांना असा रंग लागू लागला.

पण एक खोट होती. वस्तू धन टोकाला जोडलेली असायची, त्यामुळे थोडं लोखंडच विरघळून रंगात मिसळायचं. 1970 च्या दशकात टोकं उलटी केली, वस्तू ऋण टोकाला जोडली आणि गंजापासूनचं संरक्षण कितीतरी वाढलं. कारखान्यात आज यालाच 'सीईडी' म्हणतात. दोन-तीन मिनिटं बुडवायचं, मग भट्टीत भाजायचं. थर साधारण 20 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ.

आता आपल्या कामाचं. नवीन गाडीला आपण हौसेने भोक पाडतो, वेल्डिंग करून काहीतरी जोडतो. तिथला हा थर गेला की गेला. कारखान्यातला हौद काही आपल्या दारात येणार नाही. म्हणून त्याच दिवशी ती जागा घासून साफ करा आणि प्रायमर मारा. गंज पावसाळ्याचीच वाट बघत असतो, भाऊ!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.