भंगारात निघालेला ड्युअल कोअर

परवा इंदापूर रोडला एका भंगारवाल्याकडं सात-आठ सीपीयू एकावर एक रचलेले दिसले. बाजूला पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेले, म्हणजे कुठल्यातरी शाळेच्या लॅबमधले असणार. पुढं स्टिकर, 'पेंटियम ड्युअल कोअर'. किलोवर चाललं होतं सगळं. म्हणलं, या डब्यानं आपल्या बारामती-इंदापुरात काय काम केलंय ते एकदा लिहून ठेवावं.

2007 च्या जूनमध्ये इंटेलनं ई2140 आणि ई2160 हे दोन स्वस्तातले प्रोसेसर काढले. ई2140 ची कंपनीची घाऊक किंमत 74 डॉलर. वेग 1.6 गिगाहर्ट्झ. इथंच गिऱ्हाईक फसायचं. तोवर लोकांच्या डोक्यात पेंटियम फोरचा 3 गिगाहर्ट्झ बसलेला. 'तीन सोडून दीड कशाला घ्यायचं?' असा प्रश्न दुकानात हमखास. पण नव्या चिपची रचना कोअर टू ड्युओच्या घराण्यातली होती, एका ठोक्यात जास्त काम उरकणारी. फरक मुख्यतः कॅशचा. ड्युओत दोन ते चार एमबी, यात एकच. गिगाहर्ट्झवर प्रोसेसर जोखणं म्हणजे शिंगं बघून बैल घेणं!

आपल्याकडं त्याहून मोठी गोष्ट विजेची होती. ते भारनियमनाचे दिवस आठवा. खेड्यातल्या क्लासला रोज कित्येक तास लाइट नाही, सगळी मदार यूपीएस आणि इन्व्हर्टरवर. आधीच्या पेंटियम डीचे दोन कोअर 95 ते 130 वॅट खायचे, हा 65 वर भागवायचा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दहा मशीन लावणाऱ्याला हा फरक कळत होता. बेंचमार्कच्या तक्त्यात तो दिसत नाही.

एमकेसीएल 2001 ला स्थापन झालं आणि 2002 पासून एमएस-सीआयटी सुरू झालं. भिगवण, वालचंदनगर, बावडा, निमगाव केतकी, कुठंही जा, पाटी दिसायची. सरकारी नोकरीसाठी सर्टिफिकेट लागायचं, त्यामुळं शिक्षक, तलाठी, पोरं, सगळे एकाच बाकावर. वर्ड, एक्सेल, मराठी टायपिंग. या कामाला दोन कोअर भरपूर होते. अडायचं ते 512 एमबी रॅमवर आणि व्हायरसनं भरलेल्या पेन ड्राइव्हवर.

खरी परीक्षा 2017 ची. कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज, जुलै ते सप्टेंबर. नवरा-बायको दोघांचं आधार, दोघांचे अंगठे. केंद्राबाहेर रांगा. ऊसतोड करून भेगाळलेला अंगठा मशीन घेईना, साइट उघडेना. लोक म्हणायचे, 'याचा कम्प्युटरच जुनाट आहे.' केंद्रवाल्याला शिव्या बसायच्या. अहो, फॉर्म भरायला प्रोसेसरला काय लागतंय! तो निवांत बसलेला असायचा, खोळंबा वरच्या सर्व्हरला आणि नेटला. त्या भीतीनं नवीन मशीन घेतलेल्यांच्या दारात रांग तेवढीच राहिली.

मात्र याची बाजू घेताना खोटं बोलणार नाही. 2020 ला कोरोनात शाळा ऑनलाइन गेली तेव्हा हे जुने दोन कोअर उघडे पडले. व्हिडिओ क्लास चालू, वर ब्राउझर, वर पीडीएफ, की आवाज तुटायचा. पोरं शेवटी मोबाइलवर गेली. व्हिडिओ एडिटिंग, नवे गेम हे याचं काम नव्हेच.

पण ऑफिसचं काम? सातबारा काढणं, पगारपत्रक, दाखले? हार्ड डिस्क काढून स्वस्तातली एसएसडी टाकली आणि रॅम 4 जीबी केली की अजून चालतोय. मग भंगारात का? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि 11 यावर अधिकृतपणे बसत नाही. गंमत बघा, विंडोज 11 ची किमान अट एक गिगाहर्ट्झ आणि दोन कोअर एवढीच आहे. 2018 चा पेंटियम गोल्ड जी5400 दोनच कोअरचा, तो यादीत आहे. म्हणजे दोन कोअर अपुरे पडले म्हणून हे डबे बाद झालेले नाहीत. बाद झाले ते यादीत नाव नाही, टीपीएम 2.0 नाही, म्हणून. त्यावर लिनक्स मिंट मराठीतून फुकट चालतं, हे खरेदीचा ठराव मांडणाऱ्यांना कुणी सांगितलंय का? शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी एवढं तरी विचारावं, की निर्लेखन करण्याआधी एक मशीन उघडून बघितलं होतं का.

मी त्यातले दोन उचलून आणले. एकाची धूळ झाडली, रॅम खोडरबरनं पुसून परत बसवली, सुरू झाला. दुसऱ्याचा एसएमपीएस गेलाय. कुणाकडं चालू अवस्थेतला पडून असेल तर कळवा, बारामतीत येऊन घेऊन जातो.